काँक्रीटचे अंगण आणि गोठणारे पाणी : रॉकी पर्वतप्रदेशातील दुरुस्तीविद्येचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रविद्येच्या इतिहासात नव्या बांधकामाची नोंद विपुल आढळते. बांधलेले टिकवून धरण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जे श्रम खर्ची पडतात, त्यांची नोंद मात्र तुटपुंजी असते. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात या उणिवेकडे लक्ष वेधले आणि देखभाल-दुरुस्ती हा तंत्रविद्येच्या इतिहासाचा गाभ्याचा विषय मानला. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने एका अगदी साध्या, घरगुती वस्तूचा मागोवा घेतला आहे. ती वस्तू म्हणजे अमेरिकेतील रॉकी पर्वतप्रदेशातील घरांमागचे काँक्रीटचे अंगण होय. तिकडे त्यास पॅटिओ म्हणतात. मराठी वाचकास ‘कोबा केलेले परसदार’ असे म्हटल्यास त्याची कल्पना येईल. घराच्या मागील दाराला लागून, जमिनीवरच ओतलेली सुमारे १० सें.मी. जाडीची ही लादी असते.

कोलोरॅडो, वायोमिंग, मॉन्टाना, आयडाहो, युटा या राज्यांत अशा लाद्यांचा पृष्ठभाग काही हिवाळ्यांतच खराब होऊ लागतो. प्रथम पापुद्र्यासारखे पोपडे सुटतात, मग खडी उघडी पडते, सांध्यालगतच्या कडा ढासळतात. घरमालक वर नवा थर देतो. तो थर पुष्कळदा जुन्या पृष्ठभागापेक्षाही लवकर सुटतो. पोपडे का सुटतात आणि ते कसे टाळावेत याचे व्यवहारोपयोगी उत्तर १९४५ च्या सुमारास उपलब्ध झाले होते आणि पॅटिओंची मोठी लाट त्यानंतर आली, ही यातील विचार करण्याजोगी बाब आहे. ज्ञान आधी आणि चूक नंतर, असा हा उलटा क्रम का घडला, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

हवामान आणि ओलावा

पर्वतप्रदेशातील थंडी काँक्रीटला मारक ठरते, असे सामान्यतः म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. सतत गोठलेल्या प्रदेशात काँक्रीटची फारशी हानी होत नाही, आणि कोरडे काँक्रीट कितीही थंड झाले तरी सहसा शाबूत राहते. घातक असते ते ओल्या काँक्रीटचे पुन्हा पुन्हा गोठणे व वितळणे. रॉकीच्या पूर्व उतारावर नेमके हेच घडते. डेन्व्हर हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तेथे हिवाळ्यातही ऊन प्रखर असते. दिवसा बर्फ वितळून पाणी लादीत मुरते व रात्री तेच गोठते. त्यात शिनूक नावाचे कोरडे, उष्ण वारे पर्वतावरून खाली उतरतात आणि तापमान अकस्मात वाढवतात. दक्षिण डाकोटातील ब्लॅक हिल्स या डोंगराळ भागातील स्पीअरफिश गावी २२ जानेवारी १९४३ रोजी सकाळी अवघ्या दोन मिनिटांत तापमान उणे २० अंश सेल्सिअसवरून सुमारे ७ अंशांवर गेल्याची नोंद आहे. अशी घटना अपवादात्मक असली तरी या प्रदेशाचा स्वभाव त्यातून कळतो.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. त्यामुळे एखादे बंद छिद्र जवळजवळ ९२ टक्क्यांहून अधिक भरलेले असेल, तर आतील बर्फाला फुगण्यास जागा उरत नाही, हा शाळेतील भौतिकशास्त्राचा हिशेब झाला. काँक्रीटमधील छिद्रे मात्र एका मापाची नसतात, बंदही नसतात. म्हणून प्रत्यक्ष प्रक्रिया समजण्यास संशोधकांना बराच काळ लागला.

धरणावरील अनुभव

जोसेफ ॲस्प्डिन याने १८२४ साली इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. अमेरिकेत रस्त्यासाठी काँक्रीटचा पहिला प्रयोग १८९१ साली ओहायोतील बेलफाउंटन येथे झाला. पर्वतप्रदेशात हे द्रव्य मोठ्या प्रमाणावर पोहोचले ते धरणांच्या रूपाने. कोरड्या पश्चिमेस पाणी पुरवण्यासाठी १९०२ साली स्थापन झालेल्या व १९२३ पासून ‘ब्यूरो ऑफ रेक्लमेशन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संघराज्य शासनाच्या खात्याने ही धरणे उभारली.

या खात्याचे आयडाहोतील बॉइसी नदीवरील ॲरोरॉक धरण १९१५ साली पूर्ण झाले. सुमारे १०६ मीटर उंचीचे हे धरण त्या वेळी जगातील सर्वांत उंच होते. दुर्गम डोंगरात सिमेंट वाहून नेणे खर्चिक, म्हणून पोर्टलंड सिमेंटमध्ये बारीक दळलेला ग्रॅनाइट मिसळून तयार केलेले ‘वाळू-सिमेंट’ येथे वापरण्यात आले. त्या काळच्या हिशेबाने ही काटकसर योग्यच होती. परंतु गोठण्या-वितळण्याच्या माऱ्याने धरणाचा खालच्या अंगाचा दर्शनी भाग झिजू व ढासळू लागला. अखेर १९३५ ते १९३७ या काळात धरणाची उंची सुमारे दीड मीटरने वाढवताना त्या पृष्ठभागावर काँक्रीटचे नवे आवरण चढवावे लागले. बांधून वीस वर्षे झाली, तोच जगप्रसिद्ध वास्तूचा पृष्ठभाग नव्याने करावा लागावा, ही बाब खात्याच्या अभियंत्यांना विचार करण्यास लावणारी होती. खात्याच्या डेन्व्हर येथील प्रयोगशाळेत काँक्रीटच्या टिकाऊपणावर पुढे जे दीर्घ काम झाले, त्यामागे अशा अनुभवांचा वाटा होता. याच खात्याची ‘काँक्रीट मॅन्युअल’ ही मार्गदर्शिका पुढे अनेक आवृत्त्यांतून देशोदेशींच्या बांधकाम खात्यांत वापरली गेली. तिची आठवी आवृत्ती १९७५ साली निघाली.

याआधी १९१८ साली डफ एब्रम्स यांनी शिकागो येथे पाणी व सिमेंट यांचे प्रमाण आणि काँक्रीटची ताकद यांचा संबंध दाखवून दिला होता. पाणी जास्त तर ताकद कमी आणि सच्छिद्रता अधिक, हे त्यातून स्पष्ट झाले. तथापि कमी पाण्याचे, चांगल्या ताकदीचे काँक्रीटही थंड प्रदेशात फुटत होते. केवळ ताकद वाढवून प्रश्न सुटत नाही, हे मान्य करणे त्या पिढीतील अभियंत्यांना सोपे गेले नसावे.

चरबी, बुडबुडे आणि पॉवर्स

उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. १९३० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क राज्यातील काही काँक्रीट रस्ते शेजारच्या रस्त्यांहून हिवाळ्यात चांगले टिकत असल्याचे ध्यानात आले. चौकशीअंती असे दिसले की, त्यांत वापरलेले सिमेंट दळताना गिरणीत गुरांची चरबी मिसळली गेली होती. दळण सुलभ व्हावे एवढाच तिचा उद्देश होता. प्रत्यक्षात त्या चरबीमुळे काँक्रीट कालवताना त्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन टिकून राहिले होते. साबणाच्या पाण्याला फेस यावा, तसाच हा प्रकार. त्यानंतर पाइन वृक्षाच्या राळेपासून बनवलेली खास द्रव्ये वापरून मुद्दाम हवा कोंडण्याची पद्धत रूढ झाली. टिकाऊ काँक्रीट म्हणजे भरीव काँक्रीट, ही समजूत येथे मोडीत निघाली. हवेमुळे ताकद काहीशी घटते, हे खरे. प्रत्येक टक्का हवेमागे ती साधारण ५ टक्क्यांनी कमी होते. पण थंड प्रदेशात हा सौदा फायद्याचा ठरतो.

बुडबुडे का उपयोगी पडतात, याची मीमांसा पोर्टलंड सिमेंट असोसिएशनचे संशोधक टी. सी. पॉवर्स यांनी केली. १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी असे मांडले की, बर्फ तयार होताना न गोठलेले पाणी अरुंद छिद्रांतून ढकलले जाते आणि त्याला जितके अंतर कापावे लागेल तितका दाब वाढतो. जवळच रिकामा बुडबुडा असेल तर पाण्याला तेथे वाट मिळते व दाब उतरतो. १९४९ साली त्यांनी हाच विचार मापात बसवला. हवा एकूण किती, यापेक्षा बुडबुडे एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे महत्त्वाचे ठरले. सिमेंटच्या कोणत्याही बिंदूपासून नजीकच्या बुडबुड्याचे अंतर सुमारे ०.२ मि.मी.च्या आत असावे, हा दंडक पुढे सर्वत्र स्वीकारला गेला.

येथे पॉवर्स यांच्या अभ्यासवृत्तीविषयी एक नोंद करणे उचित ठरेल. १९५३ साली आर. ए. हेल्मथ यांच्यासमवेत केलेल्या प्रयोगांत त्यांना असे आढळले की, हवायुक्त सिमेंट गोठताना फुगत नाही, उलट आकसते. म्हणजे पाणी बर्फापासून दूर न जाता बर्फाकडे खेचले जात होते. स्वतःच्या गाजलेल्या उपपत्तीला छेद देणारा हा पुरावा त्यांनी लपवला नाही आणि पुढे १९७५ साली आपले मूळ स्पष्टीकरण बदलले. कारणमीमांसा बदलली तरी ०.२ मि.मी.चा दंडक मात्र कायम राहिला. भारतीय मानक आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीतही ओल्या स्थितीत गोठण्या-वितळण्याचा धोका असेल तेथे एम ५० पेक्षा कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये, २० मि.मी. खडी असल्यास, सुमारे ५ टक्के हवा असावी असे सांगितले आहे. महाराष्ट्रात या तरतुदीची गरज भासत नाही. हिमालयीन भागात मात्र ती निर्णायक आहे.

कॅलिफोर्नियाचे अंगण पर्वतावर

पॅटिओ हा शब्द स्पॅनिश आहे. भिंतींनी वेढलेला, वरून उघडा चौक असा त्याचा मूळ अर्थ आहे. आपल्याकडील वाड्याच्या चौकाशी त्याचे साम्य आहे. स्पॅनिश वसाहतींबरोबर ही रचना कॅलिफोर्नियात आली आणि १९३० च्या दशकात क्लिफ मे यांच्यासारख्या वास्तुरचनाकारांनी ती बैठ्या, पसरट ‘रँच’ पद्धतीच्या घरांशी जोडली. ‘सनसेट’ या मासिकाने मे यांच्या सहकार्याने १९४६ साली या घरांवर पुस्तक काढले. उद्यानरचनाकार थॉमस चर्च यांचे ‘गार्डन्स आर फॉर पीपल’ १९५५ साली आले. घराचा विस्तार बाहेर व्हावा, जेवणखाण व गप्पा उघड्यावर व्हाव्यात, ही कल्पना त्यांतून मध्यमवर्गात रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीची प्रचंड लाट आली, तेव्हा रस्त्याकडे तोंड असलेली जुनी पडवी मागे पडली आणि घरामागचा पॅटिओ पुढे आला. रिचर्ड थॉमस यांनी १९७५ साली ‘फ्रॉम पोर्च टू पॅटिओ’ या निबंधात या स्थित्यंतराचा सामाजिक अर्थ उलगडला. पडवीत बसणारा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेसमोर असतो, तर पॅटिओवर बसणारा स्वतः निवडलेल्या मंडळींत.

या सर्व लेखनात हवामानाचा विचार क्वचितच येतो. सौम्य हिवाळ्याच्या किनारी प्रदेशात घडलेली वस्तू हजार-दोन हजार मीटर उंचीवर नेली गेली आणि सोबत तिच्या बांधणीच्या सवयीही गेल्या. तयार काँक्रीट वाहून आणणाऱ्या गाड्यांचा व्यवसाय तोवर स्थिरावला होता. पाणी घालताच वापरता येणारे पिशवीबंद मिश्रण तर ‘सॅक्रिट’ या नावाने १९३६ सालीच सिनसिनाटीत निघाले होते. आता कोणताही घरमालक सुटीच्या दिवशी स्वतः पॅटिओ ओतू शकत होता.

ज्ञान अंगणापर्यंत का पोहोचले नाही, याचे उत्तर येथे मिळते. रस्ता व धरण यांचा मालक शासन होते. शासनाजवळ लेखी निविदा-अटी होत्या, हवा मोजण्याचे उपकरण होते, आणि अटीबाहेरचे काँक्रीट परत पाठवण्याचा अधिकार असलेला निरीक्षक होता. पॅटिओजवळ यांतले काहीच नव्हते. तेथे होते ते घरमालक आणि गवंडी, आणि दोघांचीही अपेक्षा एकच : पृष्ठभाग गुळगुळीत दिसावा. काँक्रीट सहज पसरावे म्हणून त्यात जास्तीचे पाणी घातले जाई. वर आलेले पाणी आटण्याची वाट न पाहता थापी फिरवली जाई. पाणी शोषावे म्हणून कोरडे सिमेंट भुरभुरले जाई. आपल्याकडे कोब्यावर निरू फिरवून चकाकी आणण्याची पद्धत सर्वपरिचित आहे आणि आपल्या हवामानात ती निर्दोष आहे. रॉकीच्या हिवाळ्यात मात्र हीच चकाकी घात करते. अशा घोटाईने वरच्या काही मिलिमीटरांतील बुडबुडे निघून जातात, तेथे पाण्याचे प्रमाण वाढते, आणि जो थर सर्वाधिक भिजणार व सर्वाधिक वेळा गोठणार, तोच सर्वांत दुबळा बनतो. कोरड्या पर्वतीय हवेत पृष्ठभाग झपाट्याने वाळतो. त्यावर पुरेसे दिवस पाणी मारले नाही तर हा दुबळेपणा आणखी वाढतो.

मीठ

यात भर पडली मिठाची. न्यू हॅम्पशर राज्याने १९४१-४२ च्या हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळवण्यासाठी मिठाचा सरसकट वापर करण्याचे धोरण सर्वप्रथम स्वीकारले. त्या हिवाळ्यात देशभरातील महामार्गांवर सुमारे ५,००० टन मीठ पडले. १९७० च्या सुमारास हे प्रमाण वर्षाला सुमारे १ कोटी टनांवर पोहोचले. रस्त्यावर दिसणारा उपाय घरोघरी अनुकरला गेला, आणि मिठाची पिशवी ही मागील दाराजवळची नित्याची वस्तू झाली.

मीठ काँक्रीटला रासायनिक रीत्या खाते, अशी समजूत त्या काळी प्रचलित होती. व्हर्बेक व क्लीगर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी तिला धक्का दिला. सर्वाधिक हानी तीव्र द्रावणाने न होता ३ ते ४ टक्क्यांच्या सौम्य द्रावणाने होते, आणि रासायनिकदृष्ट्या अगदी भिन्न पदार्थही सारखाच परिणाम घडवतात, असे त्यांना आढळले. म्हणजे कारण मुख्यतः भौतिक होते. ते नेमके कोणते, याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण प्रिन्स्टन विद्यापीठातील व्हॅलेन्झा व शेरर यांनी २००६ च्या सुमारास दिले. तापमान उतरताना पृष्ठभागावरील बर्फ काँक्रीटच्या सुमारे पाचपट आकसतो. सौम्य खारट पाण्याचा बर्फ या ताणाने तडकतो आणि ती भेग खालच्या सिमेंटमध्ये शिरून त्याचा पापुद्रा उपटते. शुद्ध पाण्याचा बर्फ तडकत नाही, फार खारट पाण्याचा बर्फ मऊ राहतो, म्हणून मधली तीव्रताच वाईट. काचेवर सरस लावून, तो वाळताना काचेचे कपचे उडवून नक्षी उमटवण्याची जुनी कारागिरी आहे. त्याच यांत्रिक तत्त्वावर हे स्पष्टीकरण उभे आहे.

खतासाठी वापरले जाणारे अमोनियम क्षार मात्र बर्फ वितळवण्यासाठी टाकल्यास काँक्रीटवर खरोखरच रासायनिक हल्ला करतात.

थरावर थर

पृष्ठभाग नव्याने करण्याचा इतिहास हा बराचसा फसलेल्या थरांचा इतिहास आहे. सर्वांत जुना व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सिमेंटची पातळ घोळ पसरणे. हा थर कोरड्या हवेत पुरता कठीण होण्याआधीच वाळतो, आकसतो आणि सुटतो. कार्ल एकली यांनी १९०७ च्या सुमारास शिकागोच्या संग्रहालयाची दर्शनी भिंत दुरुस्त करण्यासाठी हवेच्या दाबाने सिमेंट मारणारी ‘सिमेंट गन’ तयार केली. तिचे पेटंट १९११ चे आहे. धरणे, बोगदे व कालवे यांच्या दुरुस्तीत तिने क्रांती केली, पण परसदारातील लहान कामास ती कधी परवडली नाही. रेक्लमेशन खात्याच्या मार्गदर्शिकेतील ‘ड्राय पॅक’ ही पद्धत मात्र हाताने करण्याजोगी होती. जेमतेम ओलसर गाऱ्याचे थर खोलगट खड्ड्यात ठोकून बसवायचे, हे तिचे स्वरूप. पाणीच कमी असल्याने आकसणे कमी. ती खोल खड्ड्यांसाठी उत्तम, विस्तीर्ण पातळ पोपड्यांसाठी निरुपयोगी.

पातळ थर शक्य झाला तो रबरी चिकामुळे. सिमेंटमध्ये लॅटेक्स मिसळण्याची पेटंटे १९२० च्या दशकातील आहेत. कृत्रिम स्टायरीन-ब्यूटाडाइन लॅटेक्सचा उपयोग १९५० च्या दशकाच्या अखेरीस मिशिगनमध्ये पुलांच्या पृष्ठभागासाठी सुरू झाला. अशा मिश्रणाचा थर जुन्या काँक्रीटला घट्ट चिकटतो, थोडा लवचीक असतो आणि पाणी कमी शोषतो. पुढे हेच तंत्र पिशवीबंद पावडरीच्या रूपाने घरगुती बाजारात आले, आणि ३ मि.मी. ते १ सें.मी. जाडीत जुना पॅटिओ ‘नवा’ करण्याचा धंदा फोफावला.

पण पुलावरील यश पॅटिओवर जसेच्या तसे उतरले नाही. पुलाची लादी खालून मोकळी असते, पॅटिओ ओल्या मातीवर टेकलेला असतो. खालून ओल येतच राहते. वरून दिलेला घट्ट थर ती बाहेर जाऊ देत नाही, आणि जुने काँक्रीट मुळात बुडबुडेविरहित असेल तर ते नव्या थराखाली भिजून गोठते. सुटलेला पोपडा उलटा करून पाहिल्यास त्याच्या खालच्या अंगाला जुन्या काँक्रीटचा पातळ थर चिकटलेला दिसतो. म्हणजे नवा माल हरला नाही, त्याची पकडही सुटली नाही, खालचा दुबळा थरच तुटला. घरमालक तक्रार करतो ती मात्र नव्या मालाविषयी.

संरक्षक लेपांच्या बाबतीतही हीच कथा. १९५० व १९६० च्या दशकांत जवसाचे उकळलेले तेल आणि पातळ खनिज तेल समप्रमाणात मिसळून काँक्रीटवर लावण्याची शिफारस महामार्ग खाती करीत. उपाय स्वस्त होता, बऱ्यापैकी गुणकारी होता, पण दर एक-दोन वर्षांनी पुन्हा करावा लागे. १९८१ साली पुलांच्या संरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या लेपांच्या तौलनिक चाचण्यांचा २४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग-संशोधन अहवाल प्रसिद्ध झाला. छिद्रांच्या भिंतींना पाणी न धरू देणारी, तरी वाफ बाहेर सोडणारी सिलेन वर्गातील द्रव्ये त्यानंतर पुढे आली. पॅटिओच्या बाजारात मात्र चकाकी देणारे, पृष्ठभागावर पडदा धरणारे ॲक्रिलिक लेपच अधिक खपतात. ओल्या दगडासारखी झळाळी ग्राहकास आवडते. आतली ओल कोंडली जाते, हे दिसत नाही.

मातीचा प्रश्न

पृष्ठभागाशी झुंजताना पायाखालच्या मातीकडे दुर्लक्ष होते. दक्षिण कॅरोलायना विद्यापीठातील भूशास्त्राचे प्राध्यापक स्टीफन टेबर यांनी १९२९ व १९३० साली दाखवून दिले की, हिवाळ्यात जमीन उचलली जाते ती केवळ पाण्याच्या ९ टक्के फुगण्यामुळे नव्हे. गोठणसीमेकडे खालून पाणी खेचले जाते व बर्फाच्या आडव्या चकत्या वाढत जातात. हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी पाण्याऐवजी गोठताना आकसणारी बेंझीनसारखी द्रव्ये वापरली, आणि तरीही माती उचलली गेली. ज्या राज्यात बर्फ क्वचितच पडतो तेथील अध्यापकाने हिमफुगवट्याचे कोडे सोडवावे, हा योग लक्षणीय आहे. बारीक गाळाच्या मातीवर, खाली खडीचा निचरा न करता ओतलेली लादी या रीतीने दर हिवाळ्यात हलते. तिच्यावर दिलेला कोणताही थर त्याच रेषेत तडकणार, हे उघड आहे.

कोलोरॅडोच्या पूर्व पायथ्याशी आणखी एक अडचण आहे. तेथील काही चिकणमाती ओली होताच फुगते, थंडी असो वा नसो. आपल्याकडील काळ्या कपाशीच्या जमिनीशी तिचे गुणधर्म जुळतात. या मातीमुळे घरांची इतकी हानी झाली की, १९८४ साली त्या राज्याने कायदा करून नवे घर विकण्यापूर्वी मातीविषयीची माहिती किमान १४ दिवस आधी ग्राहकास देणे विक्रेत्यावर बंधनकारक केले. अंगणाच्या दुखण्याने कायद्याचे दार ठोठावले, असे फार थोड्या ठिकाणी घडले असेल.

दुरुस्तीचे शास्त्र

१९८० च्या दशकापासून दुरुस्ती ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून आकारास आली. १९८८ साली अमेरिकेत काँक्रीट-दुरुस्ती व्यावसायिकांची संघटना स्थापन झाली. तीच पुढे ‘इंटरनॅशनल काँक्रीट रिपेअर इन्स्टिट्यूट’ या नावाने ओळखली गेली. जुना पृष्ठभाग किती खडबडीत असावा हे शब्दांत सांगणे अवघड, म्हणून या संस्थेने १९९० च्या दशकात रबरी नमुन्यांचा संच तयार केला. कारागिराने तो पृष्ठभागाशेजारी ठेवून स्पर्शाने व नजरेने तुलना करायची. गवंड्याच्या हातातील जाण आणि मानकाची भाषा यांना जोडणारे हे साधन फारच व्यवहार्य म्हणावे लागेल. मोठ्या हातोडायंत्राने पृष्ठभाग फोडल्यास खालच्या थरात सूक्ष्म तडे जातात व पकड कमी होते, हेही याच काळात स्पष्ट झाले. त्यामुळे पोलादी छऱ्यांचा किंवा उच्च दाबाच्या पाण्याचा मारा करणे श्रेयस्कर ठरले.

रेक्लमेशन खात्याने १९९० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या दुरुस्ती-मार्गदर्शिकेत सात पायऱ्यांची पद्धत सांगितली आहे. त्यांतील पहिली पायरी माल निवडण्याची नाही. ती आहे हानीचे कारण ठरवण्याची. हानी किती पसरली हे पाहणे, दुरुस्तीची खरोखर गरज आहे का हे ठरवणे, या पायऱ्या त्यानंतर येतात. माल व पद्धत यांची निवड चौथ्या स्थानी आहे. पॅटिओचा घरमालक बहुधा चौथ्या पायरीपासून सुरुवात करतो, कारण दुकानात मिळते ती पिशवी, निदान नव्हे.

निदान करता येते. काँक्रीटचा गाभा कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली बुडबुड्यांचे अंतर मोजण्याची मानक पद्धत अमेरिकेत १९६० पासून आहे. तिने काँक्रीटमध्ये हवा मुळात नव्हती, की घोटाईने वरच्या थरातून गेली, की सर्व ठीक असून मिठाने घात केला, हे बऱ्याच अंशी सांगता येते. पण चार-सहा मीटरच्या अंगणासाठी हा खर्च सहसा कोणी करीत नाही. परिणामी घरमालक पाणी जास्त घातल्याचा दोष कंत्राटदारास देतो, कंत्राटदार मीठ टाकल्याचा दोष घरमालकास देतो, आणि पुराव्याअभावी दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबर ठरतात. नवा थर हा अनेकदा अभियांत्रिकी निर्णय नसून या वादातील तडजोड असते.

कारण एकदा कळले की निवड तुलनेने सरळ होते. हवा योग्य असून केवळ वरचा थर बिघडला असेल, तर तो काढून, खडबडीत करून, हवायुक्त किंवा लॅटेक्सयुक्त थर देणे सार्थ ठरते. संपूर्ण लादीतच हवा नसेल, किंवा ती खालून हलत असेल, तर ती काढून, खडीचा निचरा देऊन, घरापासून उतार राखून नव्याने ओतण्यावाचून गत्यंतर नसते. ऋतूचे बंधनही कडक आहे. काँक्रीटने पहिल्या गोठण्यापूर्वी किमान ३.५ मेगापास्कल ताकद गाठावी, ओल्या स्थितीत वारंवार गोठण्यापूर्वी सुमारे २४ मेगापास्कल, आणि मिठाचा संपर्क येण्यापूर्वी तिला सुमारे महिनाभर हवेत वाळण्यास अवधी मिळावा, असे सांगितले जाते. उंचावरील गावांत उन्हाळा इतका लहान असतो की, सप्टेंबरअखेर घाईने उरकलेले काम या अटीत क्वचितच बसते. आणि दुरुस्तीची आठवण पुष्कळांना नेमकी हिवाळा तोंडावर आल्यावर होते.

मिठाच्या माऱ्यास काँक्रीट किती टिकते हे पाहण्याची अमेरिकी मानक चाचणी १९७१ साली तयार झाली. लहान लादीवर खारट द्रावण साचवून ती १६ ते १८ तास गोठवायची, ६ ते ८ तास वितळवायची, असे ५० वेळा करायचे, आणि मग पृष्ठभागाकडे पाहून शून्य ते पाच यांपैकी एक अंक द्यायचा. तो अंक देणे परीक्षकाच्या नजरेवर अवलंबून होते, आणि प्रयोगशाळेत जपून घोटलेली लादी परसदारातील लादीचे कितपत प्रतिनिधित्व करते, यावर मतभेद होत राहिले. पन्नास वर्षांच्या वापरानंतर २०२१ साली ही चाचणी मानकांच्या यादीतून मागे घेण्यात आली.